अकीकाचे पाणी

नदीच्या पात्रात उतरले की पायाखालच्या गोट्यांकडे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. पाण्यातला गोटा काय सुरेख दिसतो! कुठे मधासारखा पिवळा, कुठे तांबूस, कुठे दुधी रेघांचा. आपण तो हौसेने उचलतो, खिशात टाकतो, आणि घरी येऊन पाहतो तो गोटा वाळून मातकट झालेला! मुले विचारतात, "रंग कुठं गेला हो?" रंग कुठेच गेलेला नसतो. गोट्याच्या अंगावर असंख्य बारीक ओरखडे असतात. त्यांवर पडलेला उजेड वाटेल तसा विखुरतो आणि आपल्याला वरची पांढुरकी साय तेवढी दिसते. पाणी लागले की ते ओरखडे भरून निघतात, पृष्ठभाग तात्पुरता गुळगुळीत होतो, आणि उजेड आत शिरून आतला रंग घेऊन बाहेर येतो. दगडाला झिलई द्यायची म्हणजे ओल्या दगडाचे हे रूप कायमचे करायचे. हिऱ्यामोत्यांच्या तेजाला आपण मराठीत 'पाणी' म्हणतो, ते काही उगाच नाही.

आज या पाण्याची हकीकत तुम्हाला सांगायची आहे. तिच्यात एक निर्मळ छंद आहे, चार-साडेचार हजार वर्षांचा एक धंदा आहे, आणि त्या धंद्याने माणसांकडून वसूल केलेली किंमतही आहे. छंद गोड आहे म्हणून किंमत विसरावी असे नाही, आणि किंमत मोठी म्हणून छंदच सोडावा असेही नाही. दोन्ही ठाऊक असावे, एवढेच.

ज्या दगडाला असे पाणी फार चांगले चढते तो दगड म्हणजे अकीक. तो गारगोटीचाच भाऊबंद. दोघांचे द्रव्य एकच, सिलिका. पण अकीकातले कण इतके बारीक आणि एकमेकांत इतके गुंतलेले असतात की नुसत्या डोळ्यांना ते वेगळे दिसतच नाहीत. त्यामुळे हा दगड चिवट असतो आणि घासला की सगळीकडून सारखा झिजतो. कठीणही बराच. चाकूच्या पात्याने त्याच्यावर ओरखडा उठत नाही. उलट तोच काचेवर रेघ ओढतो. एकरंगी तांबड्या जातीला कार्नेलियन म्हणतात. पट्ट्यापट्ट्यांचा तो खरा अकीक.

याचे जन्मस्थान शोधायला आपल्याला लांब जायला नको. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आपल्या सह्याद्रीचा, गडकिल्ल्यांचा, वेरूळ-अजिंठ्याचा काळा दगड तो हाच. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे जागच्या जागी अडकून राहिले. पुढे खडकातून झिरपणारे पाणी सिलिका घेऊन त्या पोकळ्यांत शिरले आणि पोकळीच्या भिंतीवर थर बसत गेले, एकावर एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. काळा दगड ऊनपावसाने कुजून त्याची माती झाली. आतला अकीक मात्र तसाच राहिला आणि ओढ्यानाल्यांनी नद्यांत आला. गोदावरीच्या, भीमेच्या, नर्मदेच्या वाळूत सापडणारे रंगीत गोटे हे असे आलेले आहेत.

आता छंदाकडे वळू. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर अमेरिकेत दगड गोळा करण्याचा नाद फार वाढला. १९४७ साली तिथल्या खनिजप्रेमी मंडळांच्या संघांनी एकत्र येऊन एक देशव्यापी महासंघ स्थापला आणि त्याच वर्षी 'लॅपिडरी जर्नल' नावाचे हौशी रत्नघाशांचे मासिकही निघाले. लोक सुटीच्या दिवशी वाळवंटात नि समुद्रकाठी हिंडत आणि पिशव्या भरभरून गोटे घरी आणत. पण एकेक गोटा हातात धरून चाकावर घासायचा म्हणजे वेळखाऊ काम. त्यावर तोड निघाली ती फिरत्या पिंपाची.

ही युक्ती अगदी साधी आहे. रबराचे अस्तर लावलेले एक लहानसे पिंप घ्यायचे. त्यात दोनतृतीयांशाच्या थोडे वरपर्यंत गोटे भरायचे, धारदार कणांची भुकटी टाकायची, गोटे जेमतेम बुडतील इतके पाणी घालायचे, झाकण घट्ट लावायचे आणि पिंप दोन रुळांवर आडवे ठेवून विजेच्या छोट्या मोटरने हळूहळू फिरवत ठेवायचे. आत गोटे वर चढतात, घसरून खाली येतात, एकमेकांना घासतात, आणि मधली भुकटी त्यांचे कंगोरे खाऊन टाकते. ही भुकटी सिलिकॉन कार्बाइडची. एडवर्ड अचेसन या अमेरिकनाने १८९१ साली विजेच्या भट्टीतून ती काढली आणि तिला कार्बोरंडम असे नाव दिले. अकीकापेक्षा ती पुष्कळच कठीण असते.

पहिल्या आठवड्यात जाडी भुकटी वापरायची. ती गोट्याला आकार देते. मग सगळे धुऊन काढायचे आणि दुसऱ्या आठवड्यात मध्यम भुकटी, तिसऱ्यात बारीक, आणि शेवटी झिलईची पूड. ती ॲल्युमिनियम किंवा सेरियम या धातूंच्या ऑक्साइडची. म्हणजे महिनाभर घरात अहोरात्र घरघर चालूच! शेजारी काय म्हणतील ते म्हणोत. यातली खरी मेख धुण्यात आहे. जाड्या भुकटीचे चार कण जरी मागे राहिले तरी ते शेवटच्या आठवड्यात सगळ्या गोट्यांवर ओरखडे ओढून महिन्याची मेहनत मातीत घालतात. दुसरा नियम असा की एका पिंपात एकाच कठीणपणाचे दगड घालावेत. अकीकाबरोबर संगमरवर टाकाल तर अकीक राहील आणि संगमरवराचा चिखल होईल.

तुम्ही म्हणाल, हे सारे विलायती यंत्रांचे कौतुक झाले. तर आता मी तुम्हाला खंबायतेला नेतो.

खंबायत म्हणजे आजचे गुजरातेतले खंभात. जहाजे लागत तोवर ते पश्चिम किनाऱ्यावरचे भरभराटीचे बंदर होते. पुढे आखात गाळाने भरत गेले आणि बंदराची रया गेली, पण अकिकाचे कारागीर राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबई सरकारने जी गॅझेटियरे छापली त्यांत या कारागिरीचे मोठे बारकाईचे वर्णन आहे. त्यात मण्यांना झिलई देण्याची रीत सांगितली आहे. मणी आणि कुरुंदाची पूड चामड्याच्या एका जाड पिशवीत भरत. पिशवी दोनेक फूट लांब. तोंड बांधून टाकत आणि पिशवीच्या मध्यावर चामड्याची वादी गुंडाळत. मग खोलीच्या दोन टोकांना दोन माणसे समोरासमोर बसत आणि वादी धरून ती पिशवी आळीपाळीने आपल्याकडे ओढत. पिशवी इकडून तिकडे लोळे, तिकडून इकडे लोळे. हे दहा ते पंधरा दिवस चाले, आणि तेवढे दिवस पिशवीवर पाणी मारून ती ओली ठेवत.

पाहिलेत? पिंप, भुकटी, पाणी, आणि दिवसामागून दिवस लोळवणे. अमेरिकन हौशी माणसाच्या तळघरात मोटर जे काम करते, तेच खंबायतेत दोन माणसांचे दंड करीत होते. पुढे खंबायतेतही चामड्याच्या पिशवीची जागा मोटरवर फिरणाऱ्या लाकडी पिंपाने घेतली. आणखी एक गंमत. कुरुंद हा शब्द आपला. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम. इंग्रजीतले 'कोरंडम' हे त्याचेच रूप. आणि अचेसनने आपल्या भुकटीला कार्बोरंडम हे नाव दिले ते कार्बन आणि कोरंडम यांची मोट बांधून. तेव्हा त्या विलायती डब्यावरच्या नावातही आपला कुरुंद लपलेला आहेच.

खंबायतेचा दगड येई तो भडोचच्या बाजूने, नर्मदेजवळच्या रतनपूरच्या डोंगराळ मुलखातून. तिथे अरुंद विहिरींसारखे खड्डे खणून खालच्या गोटाळ थरातून अकीक काढत. हे गोटे फार पुरातन काळी वाहत्या पाण्याने गोल करून तिथे आणून टाकलेले. म्हणजे पहिली घासणी निसर्गानेच करून ठेवलेली! जवळच्या टेकडीवर बाबा घोर या पिराचे स्थान आहे. तो हबसाणातून आला आणि त्याने अकिकाचा धंदा वाढवला, अशी लोकपरंपरा आहे. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाची त्याच्यावर मोठी श्रद्धा. सोळाव्या शतकाच्या आरंभी ड्वार्टे बार्बोसा हा पोर्तुगीज लेखक या भागातल्या लिमोद्रा गावाचा कार्नेलियनसाठी उल्लेख करतो आणि खंबायतेच्या कारागिरांविषयीही लिहितो.

खाणीतून आलेला दगड आधी उन्हात वाळवतात. मग मडक्यांत भरून गोवऱ्यांच्या मंद विस्तवात भाजतात आणि सावकाश निवू देतात. दगडातल्या लोहाचे रूप उष्णतेने बदलते आणि पिवळट-तपकिरी गोटा लालभडक होतो. घाई केली तर दगड तडकतो. नंतर घडणावळ. जमिनीत तिरपी रोवलेली टोकदार लोखंडी सळई असते. गोटा तिच्या टोकाला टेकवून धरायचा आणि वरून शिंगाच्या डोक्याच्या हलक्या हातोडीने टोला द्यायचा. हातोडी वरून पडते, पण कपची उडते ती खालच्या टोकापाशी. लोखंडाच्या हातोडीने दगड फुटला असता. शिंग टोला मऊ करते. त्यानंतर चाकावर घासून आकार द्यायचा. हे चाक पूर्वी लाख आणि कुरुंदाची पूड एकत्र करून घडवीत. मग भोक पाडणे आणि झिलई.

ही विद्या किती जुनी असेल? खंबायतेच्या आखाताच्या टोकाशी लोथल आहे. तिथे १९५५ पासून श्री. एस. आर. राव यांनी उत्खनन केले आणि सिंधू संस्कृतीच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वी दोन हजार वर्षांहून जुना, मणी करण्याचा कारखाना उजेडात आणला. भट्टी आणि अर्धवट घडलेले मणी, सारे जिथल्या तिथे. सिंधमधल्या चन्हुदारो येथेही अर्नेस्ट मॅके यांना १९३५-३६ मध्ये असाच कारखाना सापडला होता. सिंधू कारागिरांचे बोटभर लांबीचे कार्नेलियनचे मणी इराकमध्ये ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांत निघाले. अशा मण्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणायचे आणि मधोमध गाठ घालायची, यात कित्येक दिवस जात. इतका वेळ खर्चून केलेला दागिना समुद्रापार राजाराण्यांच्या अंगावर गेला यात नवल नाही.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. प्रवरेकाठी नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची पाती याच कुळीच्या दगडाची, आणि मणीही याच दगडाचे. पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची वाटाडी लिहिली, ती 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात तो सांगतो की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून अकिकाच्या जातीचा दगड गाड्यांत घालून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचला फार मोठ्या प्रमाणात येतो. वीस दिवस बैलगाडीत दगड! डोळ्यांसमोर आणून पाहा. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवरच्या तगर शहराचाही तो उल्लेख करतो. ते म्हणजे आजचे तेर. तेरला कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी पावसाने उघड्या पडलेल्या पुरातन वस्तू आयुष्यभर वेचल्या. त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात त्या आजही पाहायला मिळतात.

आता हकीकतीची दुसरी बाजू.

अकीक म्हणजे सिलिका, हे वर सांगितलेच. तो कोरडा घासला की त्याची धूळ उडते. डोळ्यांना दिसते ती जाडी धूळ नाकात-घशात अडते, खोकल्यावाटे बाहेर पडते. घातक असते ती न दिसणारी. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या चार-पाच भागांएवढे, किंवा त्याहूनही लहान कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथे रुततात. शरीर त्यांच्याशी झगडते आणि त्या झगड्यात फुप्फुसात गाठी होतात, ते राठ होत जाते. माणसाला जिना चढवत नाही, मग चालवत नाही, मग बसल्या जागीही श्वास पुरत नाही. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही, आणि अशा फुप्फुसाला क्षय फार लवकर धरतो.

ही गोष्ट नवी नाही. रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात दगड घडवणाऱ्यांच्या फुप्फुसांविषयी लिहून ठेवले आहे. जर्मनीत नाहे नदीच्या परिसरात इडार आणि ओबरस्टाइन ही गावे शतकानुशतके अकिकावर जगली. ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी वालुकाश्माची प्रचंड चाके, आणि त्यांच्यापुढे लाकडी घोडीवर पालथे पडून, छातीचा सारा भार देऊन दगड घासणारे कारागीर, असे तिथले दृश्य. घरचा दगड संपत आला तेव्हा तिथून ब्राझीलला गेलेल्या लोकांना १८२७ साली तिकडे अकीक सापडला आणि तो जहाजांनी इडारला येऊ लागला. धंदा वाचला. चाकाजवळ तोंड ठेवून जन्म काढणाऱ्यांची छाती मात्र तिथेही वाचली नाही.

खंबायतेत काम घरोघर चाले. ओसरीवर चाक, शेजारी मुले खेळताहेत, बायका निवड-टिपण करताहेत. विजेची मोटर आली, चाक जोराने फिरू लागले, माल भराभर निघू लागला, आणि कोरडी धूळही तशीच वाढली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने या कारागिरांच्या तपासण्या केल्या. सिलिकोसिस आणि क्षय दोन्ही त्यांत आढळले. धूळ जागीच ओढून घेणारी साधनेही संस्थेने सुचवली. पण १९४८ चा कारखान्यांचा कायदा मुळात बेतला होता तो, वीज वापरून काम होते आणि निदान दहा माणसे राबतात, अशा जागांसाठी. चार माणसांच्या ओसरीकडे त्याची पाठच राहिली. मालक वेगळा, व्यापारी वेगळा, घासणारा वेगळा. छातीचा जमाखर्च कोणाच्याच वहीत नाही.

आणि इथेच, वाचकहो, लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. अकिकाच्या कामात पिशवी ओली होती, पिंप ओले आहे. झिलईच्या त्या पायरीवर धूळ उडत नाही, कारण पाणी तिला धरून ठेवते. माणूस मारते ती कोरडी घासणी. म्हणजे दगडाचे सौंदर्य आणि कारागिराचा श्वास यांत मुळात वैर नाही. पाणी, धूळ ओढणारी नळी आणि थोडा जादा खर्च, एवढ्याचा प्रश्न आहे. अकिकाची माळ घेताना दुकानदाराला, "हे घासतात कुठं? ओलं की कोरडं?" असे विचारायला हरकत नाही. त्याला उत्तर ठाऊक नसेल, पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो चौकशी करील.

तुमच्यापैकी कोणी हा छंद धरणार असेल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा असू द्या. कापायचा किंवा घासायचा तो नेहमी पाण्याखाली. कोरडा कधीही नाही, एकच तर आहे म्हणून सुद्धा नाही. पिंपातला चिखल मोरीत ओतू नका. तो सिमेंटासारखा बसून नळ कायमचा बंद करतो. बाहेर मातीत खड्डा करून त्यात ओता. तो वाळवून झाडूही नका, नाहीतर इतका वेळ पाण्याने धरून ठेवलेली धूळ तुम्हीच मोकळी कराल. आणि नदीकाठच्या एखाद्या जुन्या पांढरीच्या टेकाडावर भोक पाडलेला मणी दिसला, तर तो तुमच्या पिंपासाठी नाही. त्याची झिलई दोन हजार वर्षांपूर्वीच झालेली असेल. तो जागच्या जागी ठेवून पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवा.

बाकी गोटे तुमचे. महिनाभराने झाकण उघडाल, गोटे धुऊन पंचावर पसराल, आणि ते वाळतील. वाळल्यावरही त्यांचे पाणी उतरणार नाही.